आधी वही, मग डॉक्टर, मग रक्त: स्वतःहून सुरू केलेली हार्मोन्स डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणताना

रिपोर्टवर एस्ट्राडायॉलचा, म्हणजे शरीरातल्या मुख्य इस्ट्रोजेनचा (स्त्री-हार्मोनचा), आकडा जवळजवळ शून्य. तो कागद माझ्यापुढे धरून एक ट्रान्स स्त्री म्हणाली, "ताई, रोज चार गोळ्या खाते तरी अंगाला लागत नाहीयेत. सहा करू का?" गोळ्या होत्या माला-डी या गर्भनिरोधकाच्या. त्यातलं इस्ट्रोजेन म्हणजे एथिनिल एस्ट्राडायॉल, आणि लॅबमधली एस्ट्राडायॉलची नेहमीची तपासणी ते मोजतच नाही. शरीर स्वतः जे थोडंफार बनवतं तेवढंच कागदावर दिसतं, आणि बाहेरून हार्मोन येत असलं की तेही घटतं. कागदावर शून्य, अंगात मात्र रक्ताची गुठळी होण्याचा धोका चांगलाच वाढलेला. आपण काय घेतो ते तिनं लॅबमध्ये सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टर तर वाटेत कुठे नव्हतेच.

असे घोटाळे वारंवार होतात म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. ओपीडीच्या रांगेत लोकांसोबत बसते, एवढीच माझी लायकी. कोणाला किती डोस, हे इथे सापडणार नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधी काय तयारी करायची, कोणत्या क्रमानं जायचं आणि लोक कुठे हमखास चुकतात, ते मात्र सापडेल. लेख स्वतःहून हार्मोन्स घेणाऱ्या, अठरा वर्षांवरच्या ट्रान्स स्त्रिया (जन्मावेळी मुलगा ठरवलेल्या स्त्रिया) आणि ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी ठरवलेले पुरुष) यांच्यासाठी आहे. त्याहून लहान असाल तर पालक आणि डॉक्टर दोघंही लागतात. तो रस्ता वेगळा.

टप्पा १ : आधी हे बघा, आजच दवाखान्यात जायचंय का?

पुढचं सगळं सावकाशीनं करायचं काम आहे. पण खालीलपैकी एकही गोष्ट होत असेल तर वही, अपॉइंटमेंट सगळं बाजूला ठेवा आणि जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. गाडी नसेल तर १०८ लावा.

- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय
- अचानक धाप, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त
- चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं
- आजवर कधी दुखलं नाही इतकं डोकं दुखणं
- डोळे पिवळे, लघवी गडद
- स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन अडवणारी गोळी, म्हणजे ब्लॉकर) घेणाऱ्यांना हातपाय गळून जाणं आणि छातीत ठोके चुकल्यासारखं वाटणं

तिथे गेल्यावर पहिल्याच वाक्यात "मी हार्मोन्स घेते" किंवा "घेतो" हे सांगा. पोटरी सुजलेल्या माणसाला मुका मार समजून मलम देऊन परत पाठवल्याचं मी पाहिलंय, कारण त्यानं हार्मोन्सबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

जिवाचं काही करून घ्यावंसं वाटत असेल तर तीही तातडीच आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. सायप्रोटेरोन (हाही ब्लॉकरच) घेणाऱ्यांनी मन खचण्याकडे जास्त लक्ष द्यावं. त्या औषधानं तसं होऊ शकतं.

टप्पा २ : अपॉइंटमेंटपर्यंत वाढवू नका, आणि "रिपोर्ट स्वच्छ यावा" म्हणून बंदही करू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. डॉक्टर ओरडतील या भीतीनं लोक जायच्या आधी महिनाभर सगळं बंद करतात. मग तपासणीत जे दिसतं ते त्यांच्या रोजच्या औषधाचं चित्र नसतंच. डॉक्टरांना वाटतं माणूस नवा आहे, आणि यकृतावर किंवा रक्तावर त्या औषधानं काय केलं होतं ते झाकलंच जातं. वर त्या महिन्यात घामाचे लोट, झोप उडणं, चिडचिड, काहींची पाळी परत सुरू होणं.

ज्यांचं निर्वाण (हिजडा समाजातली लिंग-अंडकोष काढण्याची रीत) झालंय किंवा ऑपरेशननं अंडकोष काढलेत, त्यांच्यासाठी हे आणखी महत्त्वाचं. शरीरात स्वतःचं हार्मोन जवळजवळ उरलेलं नसतं. वरचंही बंद केलं की दोन्हीकडून हात रिकामे, आणि हे लांबलं तर हाडं ठिसूळ होतात. अंडाशय काढलेल्या ट्रान्स पुरुषांचंही तेच.

उलट चूकही होते: "डॉक्टर कमी करणारच आहेत, तोवर जोरात घेऊन ठेवू." नका.

माला-डी, माला-एन किंवा दुसरी कुठलीही गर्भनिरोधक गोळी दिवसाला अनेक घेणाऱ्यांना वेगळं सांगते. त्यातल्या त्यात बिडी-सिगारेट ओढत असाल, चाळिशीला आला असाल, बीपी असेल, डोळ्यांपुढे चमकून मग अर्धशिशी उठत असेल, किंवा तुम्हाला नाहीतर घरात कुणाला गुठळी झाली असेल, तर दोन महिन्यांनंतरच्या मोठ्या डॉक्टरांची वाट बघू नका. याच आठवड्यात कुठल्याही एमडी मेडिसिन डॉक्टरांना दाखवा आणि गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते त्यांनाच ठरवू द्या. हार्मोन उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांनी एथिनिल एस्ट्राडायॉल या कामासाठी कधीच बाजूला टाकलंय.

टप्पा ३ : औषधांची वही

शंभर पानी वही घ्या. मोबाइलमधली नोंद चालते, पण ओपीडीत फोन लॉक, चार्जिंग संपलेलं, नेट नाही, हे नेहमीचं. वहीत प्रत्येक औषधाला एक पान. पानावर एवढं हवं:

- पट्टीवर किंवा बाटलीवर छापलेलं नाव आणि त्याखालचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव
- एका गोळीत किती मिलिग्रॅम, इंजेक्शन असेल तर एका मिलिलिटरमध्ये किती
- दिवसाला किती, किंवा किती दिवसांनी एक सुई
- कशी घेता: गिळून, जिभेखाली, दंडात, कमरेत, जेल चोळून
- कोणत्या महिन्यापासून, मध्ये कधी आणि का थांबलं
- कुठून मिळालं: केमिस्ट, गुरू, मैत्रीण, जिमवाला, ऑनलाइन

मूळ औषधाचं नाव का एवढं महत्त्वाचं? एस्ट्राडायॉल व्हॅलरेट, एथिनिल एस्ट्राडायॉल आणि कॉंज्युगेटेड इस्ट्रोजेन ही तीन वेगळी औषधं. तिन्हींना लोक "फीमेल हार्मोनची गोळी" म्हणतात. प्रोगिनोवात पहिलं असतं, माला-डीत दुसरं, प्रीमारिनमध्ये तिसरं. ट्रान्स पुरुषांकडेही तोच गोंधळ: जिममधून आलेली बाटली टेस्टोस्टेरॉनची आहे असं सांगितलेलं असतं आणि आत, लेबलवर तरी, नँड्रोलोन असतं. ते वेगळं स्टिरॉइड आहे. लेबलच नसेल तर वहीत "लेबल नाही, पिवळसर तेल, अमुक ठिकाणाहून" असंच लिहा. अंदाजानं नाव लिहू नका.

केमिस्ट पट्टी कापून देतो, हीही एक अडचण. नाव एका तुकड्यावर राहतं, एक्स्पायरी आणि बॅच नंबर दुसऱ्यावर. पुढच्या वेळी अख्खी पट्टी घ्या आणि रिकामी झाली तरी टाकू नका. सगळ्या पट्ट्या, बाटल्या एका पिशवीत.

मग वहीचं शेवटचं पान. याला लोक कंटाळतात, आणि नेमकं इथेच काहीतरी लपलेलं असतं. हार्मोन नसलेलं, पण अंगात जाणारं सगळं लिहा:

टीबीची औषधं. रिफॅम्पिसिनमुळे यकृत हार्मोन्स झपाट्यानं मोडून टाकतं, त्यामुळे नेहमीचा डोसही कमी पडतो. फिटच्या कार्बामॅझेपिन, फेनिटॉइनचंही तसंच. एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू असेल तर गोळ्यांची नावं लिहा. एआरटी बंद करून हार्मोन्स घेणं हा सौदा कधीही करू नका, दोन्ही एकत्र देता येतात. बीपीची टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र असतील तर पोटॅशियम वाढतं. ॲसिडिटीच्या ज्या कॅप्सूलच्या नावापुढे "डी" असतं त्यात बहुतेक वेळा डॉम्पेरिडोन असतं, आणि त्यानं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढतं. केस गळू नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्यांत बायोटिन असतं. त्याची भानगड टप्पा ६ मध्ये. छाती वाढवायच्या पावडरी, पुड्या, बिनलेबलची "आयुर्वेदिक" कॅप्सूल. दारू किती, तंबाखू कुठल्या रूपात: मिश्री धरून. सिलिकॉन किंवा तेल टोचून घेतलं असेल तर कुठे आणि कधी. निर्वाण किंवा कुठलंही ऑपरेशन झालं असेल तर तेही.

> पडताळा : वही मैत्रिणीच्या हातात द्या. तुम्हाला काहीही न विचारता तिला सांगता यायला हवं की तुम्ही काल काय, किती वाजता आणि किती घेतलं. तिला प्रश्न पडला तर डॉक्टरांनाही पडणार.

टप्पा ४ : कोणाकडे जायचं

हार्मोन्सचे डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. मुंबईत परळच्या केईएममध्ये आणि गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये हा स्वतंत्र विभाग आहे. अशा विभागांच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात. वार न विचारता भल्या पहाटे निघालात की केस पेपर निघतो आणि डॉक्टर भेटत नाहीत. आदल्या दिवशी फोन करा किंवा कुणाला तरी खिडकीवर विचारून यायला सांगा.

जिल्ह्याच्या गावी एंडोक्रायनॉलॉजिस्ट नसेल तर एमडी मेडिसिन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञही सुरुवात करून देऊ शकतात, त्यांची तयारी असेल तर. सहा महिन्यांतून एकदा शहरात जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं आणि मधल्या तपासण्या, सुया गावातल्या डॉक्टरांकडे, अशी जोडी मला सगळ्यात टिकाऊ वाटते. कल्याण आणि पुण्यात ट्रान्स लोकांसाठी चालणारं मित्र क्लिनिक २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबल्यावर बंद पडलं आणि कितीतरी जणींची फाइल अर्ध्यावर राहिली. सगळं एकाच दारावर अवलंबून ठेवू नये, हे तेव्हा कळलं.

खासगीत जाणार असाल तर अपॉइंटमेंटच्या वेळी रिसेप्शनवर तीन प्रश्न विचारा: डॉक्टर ट्रान्स व्यक्तींना हार्मोन्स देतात का? आधीपासून स्वतःहून घेत असलेल्यांना पाहतात का? मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र आधी लागतं का? पहिल्याला "नाही" आलं तर फी वाचली.

त्या पत्राबद्दल. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर ते मागतात. लोक आधी पत्र, मग डॉक्टर असं ओळीनं करतात आणि त्यात महिने जातात. दोन्ही अपॉइंटमेंटा एकाच वेळी घ्या. मानसोपचारतज्ज्ञांनाही वही दाखवा, हार्मोन्स चालू आहेत हे लपवू नका. ते तुम्हाला "बरं" करायला निघाले तर उठून या: अशा "रूपांतर उपचारां"ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय आणि राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ट्रान्सजेंडर ओळखपत्र आणि औषधाची चिठ्ठी या दोन वेगळ्या गोष्टी. हार्मोन्स सुरू करायला किंवा चालू ठेवायला ओळखपत्र लागत नाही. ते येईपर्यंत डॉक्टरकडे जायचं थांबलेले लोक मला दर महिन्याला भेटतात.

टप्पा ५ : पहिली भेट

सोबत न्या: वही, पिशवी, जुने सगळे रिपोर्ट (कितीही जुने असोत), आधार, आणि शक्य असेल तर एक माणूस. केस पेपरवर जुनं नाव येत असेल तर डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिल्या मिनिटात हवं ते नाव सांगा आणि कागदावर कंसात लिहून मागा.

पहिलं वाक्य घरीच ठरवून जा, कारण टेबलापुढे बसल्यावर घसा कोरडा पडतो आणि माणूस "केस गळतात" असं काहीतरी सांगून परत येतो. मी लोकांना असं म्हणायला सांगते:

"डॉक्टर, मी ट्रान्स स्त्री आहे. दोन वर्षांपासून मी स्वतःच हार्मोन्स घेते. काय काय घेते ते या वहीत लिहिलंय, औषधं पिशवीत आहेत. मला हे बंद करायचं नाहीये, नीट करायचंय. तपासण्या करून पुढचं तुम्ही ठरवा."

ट्रान्स पुरुषांनी यात दोन गोष्टी जोडायच्या: पाळी शेवटची कधी आली, आणि मूल राहू शकेल असा संबंध येतो का. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. पाळी थांबलेली असतानाही गर्भ राहू शकतो, आणि तो राहिला तर टेस्टोस्टेरॉन त्याला घातक ठरतं. शंका असेल तर युरिन टेस्ट आधी, सुई नंतर.

ट्रान्स स्त्रियांनीही मुलाचा विषय इथेच काढावा. इस्ट्रोजेन आणि ब्लॉकरनं वीर्यातले शुक्राणू घटतात आणि ते परत येतीलच असं नाही. शुक्राणू साठवायचे असतील तर डोस बदलण्याआधी बोलायला हवं. आणि त्याच वेळी: "आता मूल होणं शक्यच नाही" असं धरून निर्धास्त राहणंही चूक.

डॉक्टर वजन, बीपी बघतील, छाती-पोट तपासतील. पहिल्याच भेटीत गुप्तांगाची तपासणी हवी असं म्हणाले तर "त्यानं औषधात काय बदल होईल?" असं शांतपणे विचारा. नाही म्हणता येतं. हो म्हणायचं असेल तर सोबतचा माणूस खोलीत ठेवता येतो.

"आधी सहा महिने सगळं बंद करा, मग बघू" असं ऐकायला मिळू शकतं. यकृत बिघडलंय, गुठळी झाल्याचा संशय आहे, पोटॅशियम वाढलंय, अशी कारणं असतील तर ते बरोबरच आहे, ऐका. कारण फक्त "तुम्ही विचारल्याशिवाय घेतलंत" एवढंच असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. शिक्षा म्हणून औषध बंद करणं हा उपचार नव्हे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यानं आरोग्यसेवा नाकारायला आणि मध्येच तोडायला मनाई केली आहे. पण ओपीडीत कलम वाचून दाखवण्यापेक्षा दुसरा डॉक्टर गाठणं लवकर होतं, हा माझा अनुभव.

> सावधान : डोस कमी करून सांगू नका. दिवसाला आठ घेत असाल तर आठच सांगा. तुम्ही चार सांगितलंत आणि डॉक्टरांनी त्यावरून हिशोब केला, तर तो हिशोब तुमच्या अंगाचा नाहीच.

टप्पा ६ : रक्त देणं

लोक आधी जाहिरातीतलं "फुल बॉडी पॅकेज" करून मग डॉक्टरांकडे जातात. त्यात थायरॉइडपासून सगळं असतं, फक्त हवं ते नसतं. डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच रक्त द्या. सरकारी हॉस्पिटलमध्ये खर्चही कमी येतो. साधारण यादी अशी: हिमोग्राम, यकृताची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, एस्ट्राडायॉल, एकूण टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी यांच्याबद्दल तुम्हाला विचारून, तुमच्या संमतीनं.

रक्त देण्याच्या वेळेत सगळा खेळ आहे.

गोळी: जिभेखाली ठेवल्यावर तासाभरात आकडा उंच चढतो आणि मग घसरतो. सकाळी गोळी चघळून लॅबमध्ये गेलात तर रिपोर्ट भलताच मोठा येईल आणि डोस विनाकारण कमी होईल. बहुतेक डॉक्टर सकाळी, पुढची गोळी घेण्याआधी रक्त द्यायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांना काय हवं ते विचारून घ्या आणि दर वेळी तेच पाळा.

सुई: टेस्टोस्टेरॉन एनँथेट किंवा सस्टेनॉनसारख्या मिश्र सुईत सहसा दोन सुयांच्या मधोमध रक्त घेतात. तीन महिन्यांतून एकदा द्यायच्या टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटमध्ये पुढच्या सुईच्या अगदी आधी. दुसऱ्याच दिवशी रक्त दिलंत तर आकडा पाहून डॉक्टर घाबरतील.

जेल: ज्या हाताला जेल चोळता त्या हातातून रक्त देऊ नका.

बायोटिन: केसांच्या गोळ्यांतलं जास्तीचं बायोटिन हार्मोनच्या तपासण्या बिघडवतं. काही आकडे खोटे वर जातात, काही खोटे खाली येतात. निदान तीन दिवस आधी थांबवा.

लॅबच्या फॉर्मवर हे तीन शब्दांत लिहून घ्या: शेवटचा डोस कधी. औषधाचं नाव, तारीख, वेळ. फॉर्मवर जागा नसेल तर रिपोर्ट आल्यावर त्याच्या कोपऱ्यात स्वतःच्या अक्षरात लिहा.

टप्पा ७ : रिपोर्ट हातात आल्यावर

लाल अक्षरं दिसली की घाम फुटतो. थांबा. छापलेल्या "नॉर्मल" मर्यादा फॉर्मवरच्या पुरुष-स्त्री खुणेवरून ठरतात. हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनच्या मर्यादा दोघांच्या वेगळ्या असतात. दोन वर्षं टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचा रिपोर्ट स्त्रीच्या रकान्यात छापला तर हिमोग्लोबिन लाल येणारच. आणि पुरुषाच्या रकान्यातलं एस्ट्राडायॉल ट्रान्स स्त्रीला लालच दिसणार. तो रंग तुमच्यासाठी नाही.

डॉक्टर साधारण काय बघत असतात ते माहीत असलेलं बरं. ट्रान्स स्त्रियांत एस्ट्राडायॉल मिलिलिटरला १०० ते २०० पिकोग्रॅमच्या आसपास आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली. ट्रान्स पुरुषांत सुयांच्या मधोमध टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ४०० ते ७०० नॅनोग्रॅम. पण मला विचाराल तर या आकड्यांआधी दोन ओळी वाचा. स्पायरोनोलॅक्टोन घेत असाल तर पोटॅशियम, टेस्टोस्टेरॉन घेत असाल तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर म्हणजे रक्त दाट झालंय. डॉक्टर डोस कमी करतात किंवा काही काळ थांबवतात. पोटॅशियम वाढलं असेल तर शहाळं, "लो सोडियम" मीठ आणि स्वतःच्या मनानं घेतलेल्या पेनकिलर आधी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

> सावधान : आकडा कमी आला म्हणून घरी बसून डोस वाढवायचा नाही. सुरुवातीची ती माला-डीवाली आठवा.

टप्पा ८ : नवी चिठ्ठी, जुना साठा

नवीन औषध सुरू झालं की कपाटातल्या जुन्या पट्ट्या खुणावतात. नवीन गोळी कमी वाटते, मग "वरून एक जुनी." महिन्यानं तपासणी, आणि डॉक्टरांना वाटतं नव्या डोसनंच आकडा चढला. हा घोळ पकडायला मग तीन महिने जातात.

म्हणून चिठ्ठी लिहिली जात असतानाच पिशवीतली एकेक पट्टी टेबलावर ठेवून विचारा: ही बंद? ही आजपासून की पट्टी संपल्यावर? नवी कधीपासून? उत्तर वहीत तारखेसकट. काही औषधं एकदम बदलतात, काही हळूहळू. दोन पट्ट्या सारख्या दिसतात म्हणून स्वतः ठरवू नका.

निर्वाण किंवा ऑपरेशन झालेल्यांनी इथे मुद्दाम विचारावं: "टेस्टोस्टेरॉन अडवणारी गोळी मला अजून लागते का?" बहुतेक वेळा लागत नाही. तरी वर्षानुवर्षं सायप्रोटेरोन खाणाऱ्या मी पाहिल्या आहेत, केवळ कुणी थांबवलं नाही म्हणून. जास्त डोसमध्ये दीर्घकाळ घेतलेल्या सायप्रोटेरोनचा मेंदूच्या आवरणाच्या गाठीशी, मेनिन्जिओमाशी, संबंध दिसलाय. तितकी वर्षं घेतली असेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

उरलेला साठा चेलीला, मैत्रिणीला, ग्रुपवर "कुणाला हवं का" म्हणून देऊ नका. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला बंद केलेलं औषध दुसरीला चांगलं कसं होईल? लेबल नसलेल्या बाटल्या तर कुणालाच नाहीत. सुई दर वेळी नवी, आणि जिममध्ये चौघांत फिरणारी बाटली तुमच्या अंगात नको, आत कितीही खरं औषध असो. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर सुईआधी सांगा. सस्टेनॉन शेंगदाण्याच्या तेलात असतं.

केमिस्टकडे "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" हे वाक्य ऐकू आलं की पट्टी उलटी करा आणि मूळ नाव चिठ्ठीशी अक्षर अन् अक्षर जुळवा. एस्ट्राडायॉलच्या पुढे "एथिनिल" दिसलं तर परत करा. पक्कं बिल मागा. त्यावर बॅच नंबर असतो.

टप्पा ९ : पहिलं वर्ष

पहिल्या वर्षात साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी, नंतर सगळं स्थिर असेल तर वर्षातून एकदा किंवा दोनदा. स्पायरोनोलॅक्टोन नवीन सुरू झालं किंवा वाढवलं तर पोटॅशियमसाठी डॉक्टर आधीच बोलावतील. ती फेरी चुकवू नका. पहिल्या फेरतपासणीला लोक उत्साहानं जातात, दुसरीला निम्मे गायब होतात, कारण "सगळं ठीक तर आहे." हिमॅटोक्रिट ५५ असणाऱ्यालाही सगळं ठीकच वाटत असतं.

देखरेखीखाली आल्यावर डोस बहुतेकदा कमी होतो, आणि मनात धास्ती बसते की बदल मागे जातील. छाती वाढायला साधारण तीन ते सहा महिन्यांत सुरुवात होते आणि पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. दाढी नीट भरायला चार-पाच. गोळ्या दुप्पट करून हे दिवस अर्धे होत नाहीत. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

बिडी-सिगारेट सोडण्याचं डॉक्टर प्रत्येक भेटीत बोलतील आणि तुम्हाला कंटाळा येईल. इस्ट्रोजेनवर असताना गुठळीचा धोका कमी करायला आपल्या हातात असलेली ती एक मोठी गोष्ट आहे, म्हणून ते बोलतात.

कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी अपेंडिक्सचं का असेना, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हार्मोन्सबद्दल आधी सांगा. लांबच्या प्रवासात तासातासाला उठून चाला. गाव बदलणार असाल तर निघण्याआधी शेवटच्या चिठ्ठीची आणि रिपोर्टांची झेरॉक्स काढा, दोन महिन्यांचं औषध बिलासकट घ्या, आणि नव्या गावातला डॉक्टर हातातली शेवटची पट्टी सुरू करायच्या आधी शोधा.